सात नंबर का तुटतो

रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत आमच्या हॉलमधलं जेवणाचं टेबल मोकळं करून त्यावर चार लॅपटॉप मांडलेले असतात. मधोमध एक छोटा पत्र्याचा डबा आणि त्यातून निघालेल्या वायरी. त्या डब्याला स्विच म्हणतात. त्याच्यामुळं चारही कॉम्प्युटर एकमेकांना जोडले जातात आणि आम्ही चौघं मित्र एकाच नकाशावर आपापलं गाव वसवतो, लाकूड तोडतो, सोनं खणतो, सैन्य उभं करतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत एकमेकांची गावं जाळून मोकळे होतो. चौघंही पन्नाशीला टेकलेले. बायको म्हणते, बाकीच्यांचे नवरे या वयात प्लॉट बघायला जातात.

खेळ आमच्या पॉलिटेक्निकच्या काळातला. तेव्हा क्रांती चौकाजवळच्या एका कॅफेत तो तासावर खेळायला मिळायचा. पुढं नोकऱ्या, लग्नं, मुलं यांत सुटला. मुलगी पुण्याला शिकायला गेली, घर आणि रविवार दोन्ही रिकामे झाले, तेव्हा मीच सगळ्यांना पुन्हा गोळा केलं. आमच्यातला एक जण खासगी आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून तो मास्तर. दुसऱ्याचा सिल्लोडला मक्याचा आणि सरकीचा व्यापार आहे. तो जळगाव रोडनं मोटारसायकल हाणत येतो, त्याला आम्ही भाई म्हणतो. तिसरा चितेगावच्या एका कारखान्यात होता, तो चितेगाववाला. मी वाळूजला एका कारखान्याच्या तपासणी खात्यात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट कुठं आहे ते शोधायचं आणि तिचं कारण लिहायचं, हे माझं काम.

कॉम्प्युटर असे जोडायचे तर प्रत्येकाला स्वतःचा नंबर लागतो, गल्लीतल्या घरांना असतो तसा. एका नंबराची दोन घरं चालत नाहीत. मनाला येईल तसे नंबर देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी चौघांना पॉलिटेक्निकमधले रोल नंबर दिले. माझा तेवीस, मास्तरचा एकतीस, भाईचा चव्वेचाळीस आणि चितेगाववाल्याचा सात. ते सगळ्यांना इतके पसंत पडले की खेळताना आम्ही एकमेकांना नंबरानंच हाका मारू लागलो. चव्वेचाळीस, तुझी मेंढरं माझ्या हद्दीत आली. एकतीस, मर्द असशील तर भिंतीबाहेर ये.

चितेगाववाला मात्र हाका मारत नसे. त्याला त्या ऐकूही येत नसत. प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनांच्या शेजारी त्याची उमेदीची वर्षं गेली आणि कान तिथंच राहिले. एकदम नाही गेले. आधी फोनवरचं बोलणं गेलं, मग घोळक्यातलं, मग समोरच्याचं. कानातलं यंत्र घेतलं होतं. पण त्यात पंखा, ताटल्या आणि माणसं सगळी सारख्याच आवाजात वाजतात, म्हणून ते कपाटात पडून असे. चार माणसं हसली की तो एकदा विचारायचा, काय म्हणाला? दुसऱ्यांदाही विचारायचा. तिसऱ्यांदा नुसता हसायचा. मग लग्नकार्यं सोडली. संध्याकाळी चहाला येणं सोडलं. त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं होतं की ते आता फक्त रविवारीच न सांगता दाढी करतात.

खेळात त्याचं काही अडत नव्हतं. तिथं जे काही सांगायचं ते टाइप करता येतं, आणि शत्रू आला की तो डोळ्यांना दिसतो. आम्हा चौघांत सगळ्यात चांगला खेळाडू तोच. भाईचे हत्ती त्यानं कितीदा पाण्यात घातले याची गणती नाही. म्हणून दिवाळीनंतर त्याचाच कॉम्प्युटर जेव्हा मधेच तुटू लागला, तेव्हा मला खेळाची नव्हे, त्याची काळजी वाटली. त्याचं घराबाहेर पडण्याचं ते एकच कारण उरलं होतं.

तुटायचं ते असं. खेळ रंगात आलेला असायचा. अचानक आमच्या पडद्यावर ओळ यायची की सात नंबर खेळातून बाहेर पडला. तिकडं त्याच्या पडद्यावरची माणसं जागच्या जागी थिजलेली. मग सगळ्यांनी थांबायचं, पुन्हा जोडायचं, मागं साठवलेल्या ठिकाणाहून खेळ उचलायचा. एकदा झालं तर कुणी काही बोललं नाही. पण सकाळीत दोनदा-तीनदा व्हायला लागलं आणि दर वेळी सातच. तेवीस, एकतीस, चव्वेचाळीस कधी तुटले नाहीत.

कारखान्यात मी शिकलेली गोष्ट अशी की एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळं गेला ते कळत नाही. मी आधी त्याची वायर बदलली. तुटला. मग स्विचमधलं त्याचं भोक बदलून भाईच्या भोकात त्याची वायर घातली. तुटला, आणि भाई त्याच्या भोकात सुखानं बसला. मग आम्ही जागांसकट लॅपटॉप बदलले. तो माझ्या लॅपटॉपवर, मी त्याच्या. त्या दिवशी तो एकदाही तुटला नाही. मी तुटलो. म्हणजे दोष वायरीत नाही, स्विचमध्ये नाही, त्याच्या लॅपटॉपमध्ये आहे, असं मी भर सभेत जाहीर केलं. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. त्याचा चेहरा उतरला. नवा लॅपटॉप मागायला तो मुलाकडं जाणार नव्हता हे मला माहीत होतं.

मी त्याचा लॅपटॉप आठवडाभर घरी ठेवून घेतला. दुकानातल्या माणसानं उघडून पाहिला, त्यात काही नव्हतं. घरी मी त्याला राउटरला सारखी हाक मारायला लावलं. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते. हा हाक देतो, समोरचा ओ देतो, आणि एक जरी ओ चुकला तरी ओळ उमटते. मी कामावरून आलो की आधी ते बघायचो. आठवडाभर एकही ओ चुकला नाही.

आणि रविवारी, त्याच्या हाताखाली, तो पोहे संपायच्या आत तुटला.

मास्तर म्हणाला, "मशीन चांगलंय रे. माणूसच बिघडलाय."

तो काही वाईट माणूस नाही. खेळ परत परत उचलून आम्ही सगळेच वैतागलो होतो, आणि तो बोलला तेव्हा स्वतःच्या पडद्याकडं बघत होता. भाई हसला. मीही थोडा हसलो असेन. चितेगाववाल्यानं आपली वायर काढली, कोपरावर गुंडाळली, लॅपटॉप मिटला आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तिघं खेळत जा. मी बघत बसंन."

चहाला यायचं सोडण्याआधी तो हेच म्हणाला होता. तुम्ही बोला, मी बसतो. मग काही दिवस बसला आणि मग आला नाही. मी त्याला संध्याकाळी मेसेज केला की अजून एक रविवार दे, नाही सापडलं तर तू म्हणशील तसं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बरं, एवढंच.

त्या आठवड्यात मी हातानं काही केलं नाही, फक्त विचार केला. लॅपटॉप माझ्याकडं एकटा असताना चांगला, त्याच्याजवळ असताना तुटतो, आणि तो दुसऱ्या लॅपटॉपवर बसलेला असतानाही त्याचाच तुटतो. म्हणजे त्या खोलीत लॅपटॉपशिवाय अजून काहीतरी असलं पाहिजे, जे रविवारी येतं आणि रविवारी जातं. माझं लक्ष प्लगवर गेलं, मिक्सरवर गेलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्यावर गेलं. वेल्डिंगवाला रविवारी बंद असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात आली, पण तिचा अर्थ लागेना. तो तुटायचा तेव्हा दर वेळी आमची बडबड चालू असायची. आम्ही गप्प बसून लढत असताना तो कधी तुटला नव्हता.

रविवारी तो आला, दाढी करून. मी आणि तो एका बाजूला, भाई आणि मास्तर विरुद्ध बाजूला असा डाव लावला. भाई त्याच्या सासऱ्यानं धान्याच्या मोंढ्यात एका अडत्याला कसं घुमवलं ते सांगू लागला. भाईची गोष्ट अर्धी मराठीत, अर्धी दखनीत असते आणि मास्तर मधे मधे शंका काढतो, त्यामुळं ती वाढत जाते. आम्ही हसत होतो. सात नंबर बाहेर पडला.

या वेळी मी वायरीला हात लावला नाही. उठून त्याच्या मागं गेलो आणि त्याचा खेळ खाली करून नुसता पडदा बघितला. आमचा खेळ पूर्ण पडदा व्यापतो, त्याच्यामागं काय चाललंय ते दिसत नाही. कोपऱ्यात एक छोटी सूचना उभी होती, बहुधा दर रविवारी तशीच उभी राहून जात असेल. या नंबराचं आणखी एक यंत्र या जाळ्यात आहे.

मी पोह्याच्या बशा गोळा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो आणि मोबाईलवर राउटरची यादी उघडली. पूर्वी आमचे चार कॉम्प्युटर आणि स्विच एवढंच जग होतं. दिवाळीनंतर भाईला मधून मधून गाड्यांचे निरोप बघता यावेत म्हणून मी स्विच घरच्या राउटरला जोडला होता. राउटर घरातल्या यंत्रांना आपला आपण नंबर वाटतो, एकापासून ओळीनं. एक तो स्वतः. दोन माझा फोन, तीन बायकोचा, चार टीव्ही, पाच फाटकावरचा कॅमेरा, सहा मुलीचा फोन, ती दिवाळीला आली होती तेव्हापासून राखलेला. त्यानंतर येईल त्याला सात. आमच्या वर्गाचे रोल नंबर राउटरला माहीत असायचं कारण नव्हतं.

यादीत सातसमोर एक मोबाईल होता. आमच्या घरातला नव्हता. मी तो बायकोला दाखवला.

ती गॅसकडं बघतच म्हणाली, "चितेगावच्या भाऊजींचा असंल. पासवर्ड मीच दिला त्यांना, दिवाळीनंतर. आपल्या हॉलमध्ये रेंज येत नाय ना."

मी म्हटलं, त्याला रविवारी फोनवर काय बघायचं असतं?

"तुम्हालाच. त्यांच्या फोनमध्ये बोललेलं अक्षरांत उमटतं. टेबलाखाली मांडीवर धरून वाचतात. तुम्ही तिघं समोर बघत असता. मी पोहे द्यायला येते ना, मला दिसतं."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी दाखवलं असतं तर सांगितलं असतं. ते झाकत होते."

ओट्याला टेकून मी सगळं जुळवून पाहिलं. फोन जुना, बॅटरी टिकत नाही, म्हणून तो एरवी वायफाय बंद ठेवत असणार. आम्ही गप्पा मारू लागलो, हसू लागलो की हा टेबलाखाली ते चालू करणार. राउटर फोनला सात नंबर देणार आणि वर टेबलावरचा सात नंबर तुटणार. मग आम्ही सगळे त्याच्याकडं बघणार आणि तो फोन घाईनं बंद करून खिशात घालणार. आम्ही शोधायला लागेपर्यंत दोष खिशात गेलेला असणार.

दुरुस्तीला काहीच लागलं नाही. तिथंच उभ्या उभ्या मी त्याच्या फोनला कायमचा साठ नंबर लावून दिला. आमच्या वर्गात साठ मुलं नव्हती, त्यामुळं तो कुणाचा नव्हता. हॉलमध्ये येऊन सांगितलं की झालंय, आता बसा. मास्तरनं काय होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नंबराचा घोळ होता, आणि ते खरंच होतं.

डाव पुन्हा सुरू झाला. भाईनं सासरा जिथं सोडला होता तिथून उचलला. मी माझ्या पडद्याकडं कमी आणि शेजारी जास्त बघत होतो. चितेगाववाल्याची मान हळूच खाली गेली. एक हात टेबलाखाली. मी वाट बघत राहिलो. सात नंबर तुटला नाही. सासऱ्याची गोष्ट संपली, मास्तरच्या शंका संपल्या, तरी तुटला नाही.

"टिक्या रे सात," भाई म्हणाला.

चितेगाववाल्यानं माझ्याकडं बघितलं. मग पडद्यावर ओळ आली. खेळात एक सोय आहे, फक्त आपल्या बाजूच्या गड्याला दिसेल असं लिहिता येतं. त्यानं तसं लिहिलं होतं.

"काय होतं?"

वायर सैल होती असं मी लिहू शकलो असतो. त्यानं मान डोलावली असती आणि फोन टेबलाखालीच राहिला असता. पण कारखान्यात मी इतकी वर्षं दोषाचं कारण लिहीत आलोय, आणि मला एवढं ठाऊक आहे की कारण खोटं लिहिलं की दोष दुसऱ्या दारानं परत येतो. मी लिहिलं, "तुझ्या फोनला राउटरनं पण सातच नंबर दिला होता. फोन वायफायवर आला की लॅपटॉप बाहेर."

त्याच्या गावातली माणसं काम संपवून झाडाखाली नुसती उभी होती. उत्तरेकडून भाईचे हत्ती निघाले होते, ते मला दिसत होते आणि त्यालाही दिसत असणार.

"म्हणजे मीच मला काढत होतो."

"नंबर मी वाटले होते. राउटरनं वेगळे वाटले."

"या दोघांना माहीत?"

"नाही."

हत्ती भिंतीला भिडले. भाई खूष होऊन काहीतरी ओरडला. चितेगाववाल्यानं कीबोर्डवरचे हात काढले, टेबलाखालून फोन वर घेतला आणि स्विच सरकवून टेबलाच्या मधोमध, पोह्याच्या कढईशेजारी ठेवला. पडद्यावर भाईचं ओरडणं अक्षरांत उमटलेलं होतं.

"एकेकानं बोला," तो म्हणाला. "सगळे संगं बोलले की हे गोंधळतंय."

मग भाई वाकला, पडद्यावरचं स्वतःचं वाक्य वाचलं आणि फोनला विचारावं तसं विचारलं, "कबसे लिख रा ये?"

चितेगाववाल्यानं ते वाचलं. "दिवाळीपासून."

"हमारी गालियां भी?"

"थोडीच. तुम्ही रंगात आले की मीच तुटायचो."

भाईला आधी कळलं नाही. मी तेव्हा दोघांना सगळं सांगितलं, सावकाश, फोनकडं तोंड करून, नंबरांसकट. सांगताना तेच शब्द समोर उमटत होते आणि तो ते वाचत होता. आपलं बोलणं दुसऱ्याच्या डोळ्यांपुढं असं मांडलं जातंय म्हटल्यावर माणूस वाक्य पूर्ण करतो. मग मास्तरनं खुर्ची पुढं ओढली आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"माणूस बिघडलाय म्हणलो होतो, ते पण लिहिलं का यानं?"

"नाय. फोन खिशात टाकला होता मी," चितेगाववाला म्हणाला. "तुझं तोंड दिसलं."

मास्तर तसाच वाकून म्हणाला, "परत नाय म्हणणार."

"म्हण की. पण इकडं तोंड करून म्हण."

एवढ्यात त्याच्या गावाची भिंत पडली होती आणि माझ्या गावातून मदत निघायला उशीर झाला होता. तो डाव आम्ही दोघं हरलो. भाईनं जिंकल्याबद्दल जे काही म्हटलं ते फोननं बरंच सोज्वळ करून लिहिलं, त्यावर भाईची तक्रार होती.

निघताना चितेगाववाल्यानं विचारलं, फोनचा नंबर काय ठेवलास. मी साठ म्हणून सांगितलं. साठ कुणाचा? कुणाचाच नाही म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. आमच्यात प्रत्येक नंबरामागं एक माणूस असतो. दाराशी चपला घालत तो विचार करत उभा राहिला. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर एक जण बसायचा. मागच्या बाकावर कुजबुजलेलं त्याला तिथून ऐकू जायचं आणि मधल्या सुट्टीत ते सरांपर्यंत पोचायचं. त्याचा रोल नंबर बावन्न.

"बावन्न कर," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोरच करून दिला. आता रविवारी टेबलावर पाच नंबर असतात. बावन्नची वायर चार्जरला लावलेली असते आणि ती कुणी काढायची नाही असा नियम आहे. एकेकानं बोलायचा नियम मात्र आम्हाला अजून पाळता येत नाही. भाईची गोष्ट सुरू झाली की मास्तर मधे पडतोच, मीही पडतो, पडद्यावरची अक्षरं अडखळतात आणि थांबतात. मग चितेगाववाला कीबोर्ड सोडून टेबलावर बोटानं टकटक करतो, आणि भाई सासऱ्याला मागं घेऊन पहिल्यापासून सांगायला लागतो.